हरलेल्यांनी लिहिलेला इतिहास : जनरल गॉर्डन आणि एक आळशी सुभाषित

‘इतिहास जेते लिहितात’ हे वाक्य मराठीच्या चर्चासत्रांतून इतक्या वेळा ऐकू येते, की ते खरे आहे का हे विचारणेच आपण सोडून दिले आहे. शोधनिबंधाच्या प्रास्ताविकात ते असते, आत्मचरित्रांवरील व्याख्यानाच्या समारोपात ते असते, आणि उत्तरपत्रिकांत तर ते हमखास गुण मिळवून देणारे वाक्य म्हणून रूढ झाले आहे. त्याची सोय उघड आहे. ते उच्चारताच बोलणारा पराभूतांच्या, म्हणजे पर्यायाने शोषितांच्या बाजूला जाऊन उभा राहतो, आणि त्यासाठी त्याला एकही जुना कागद उलगडावा लागत नाही. माझा आक्षेप नेमका या ‘पर्यायाने’वर आहे. पराभूत आणि शोषित ही एकच माणसे असतात, असे या सुभाषितात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक न तपासता आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवणे धोक्याचे आहे.

खरे तर मराठीच्या अभ्यासकाला हे सुभाषित एरवीही खटकायला हवे होते. पानिपतच्या पराभवाने आपल्याला ‘भाऊसाहेबांची बखर’ दिली. हरलेल्यांना लेखणी नसते, असे म्हणण्याची मुभा निदान बखरी शिकवणाऱ्यांना तरी नाही. परंतु घरचे उदाहरण घेतले की घरचे अभिमानही मध्ये येतात. म्हणून येथे मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. ते अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडून लढलेल्या, पुढे सिनेटर आणि गव्हर्नर झालेल्या जॉन ब्राऊन गॉर्डन या सेनानीचे आहे. हा माणूस युद्ध हरला. त्यानंतर जवळजवळ सगळे जिंकला. आणि मरणापूर्वी त्याने हरलेल्या माणसाचे पुस्तक लिहिले.

गॉर्डनचा जन्म १८३२ मध्ये जॉर्जिया राज्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. जॉर्जिया विद्यापीठात तो शिकला, पण पदवी न घेताच बाहेर पडला. काही काळ वकिली आणि नंतर वडिलांबरोबर कोळशाच्या खाणींचा व्यवसाय असा त्याचा प्रवास. लष्करी शिक्षण शून्य. १८६१ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा डोंगराळ मुलखातील स्वयंसेवकांच्या एका तुकडीने त्याला आपला कॅप्टन निवडले. या तुकडीचे नाव ‘रॅकून रफ्स’. तेथून चार वर्षांत तो मेजर जनरल झाला आणि युद्धाच्या अखेरीस रॉबर्ट ई. ली याच्या सैन्याच्या एका कोअरचे नेतृत्व त्याच्याकडे आले. त्याच्या शौर्याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमच्या लढाईत त्याला एकाच दिवशी पाच गोळ्या लागल्या. १२ एप्रिल १८६५ रोजी अपोमॅटॉक्स येथे शरणागतीच्या वेळी शस्त्रे खाली ठेवणाऱ्या दक्षिणी पायदळाच्या अग्रभागी तोच होता. इथवरची हकीकत कोणत्याही वीरचरित्रात शोभेल अशी आहे, आणि म्हणूनच बहुतेक वाचक इथेच थांबतात. गॉर्डनचीही तीच इच्छा होती.

युद्ध कशासाठी होते, हे मात्र आधी सांगितले पाहिजे. १८६० च्या जनगणनेनुसार जॉर्जियाची लोकसंख्या साडेदहा लाखांच्या आसपास होती. त्यांपैकी सुमारे ४ लाख ६२ हजार माणसे गुलाम होती. जानेवारी १८६१ मध्ये संघराज्यातून फुटताना जॉर्जियाने जी कारणे जाहीर केली, त्यांचा आरंभच गुलामगिरीच्या प्रश्नाने होतो. मार्च १८६१ मध्ये दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने सॅव्हाना येथील भाषणात नव्या राज्याची कोनशिलाच कृष्णवर्णीयांची कनिष्ठता ही आहे, असे उघडपणे सांगितले. हा स्टीफन्सही जॉर्जियाचाच. खुद्द गॉर्डनने १८६० मध्ये ऑगलथॉर्प विद्यापीठाच्या विद्यार्थी मंडळांसमोर नागरी स्वातंत्र्याच्या प्रगतीवर भाषण केले होते. त्या भाषणात गुलामगिरी ही स्वातंत्र्याची वैरीण नसून तिची सोबतीण आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच वर्षीच्या गुलामांच्या गणनेत त्याच्या नावापुढे चौदा वर्षांच्या एका मुलीची नोंद आहे. तिचे नाव नाही. त्या तक्त्यांत गुलामांची नावे लिहीतच नसत; मालकाचे नाव, आणि पुढे वय, लिंग, वर्ण. वाचकांनी ही मुलगी लक्षात ठेवावी, एवढी विनंती.

आता पराभवानंतरची हकीकत पाहू. युद्ध संपून तीन वर्षेच झाली होती, तेव्हा १८६८ मध्ये हा माणूस डेमोक्रॅटिक पक्षातर्फे जॉर्जियाच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला. या निवडणुकीत कृष्णवर्णीय पुरुषांना प्रथमच मत होते, आणि गॉर्डन रिपब्लिकन उमेदवार रूफस बुलककडून हरला. त्याच निवडणुकीत काही कृष्णवर्णीय प्रतिनिधी विधिमंडळात निवडून आले. सप्टेंबरमध्ये त्यांना केवळ वर्णाच्या कारणाने सभागृहाबाहेर काढण्यात आले. त्यांच्यापैकी हेन्री मॅक्नील टर्नर याने बाहेर पडण्यापूर्वी केलेले भाषण आज अमेरिकेतील वक्तृत्वाच्या अभ्यासात आदराने वाचले जाते. त्याच महिन्यात कॅमिला या गावी रिपब्लिकन सभेला निघालेल्या कृष्णवर्णीयांवर गोळीबार झाला आणि कित्येक जण मारले गेले. कू क्लक्स क्लॅनच्या रात्रीच्या फेऱ्यांचा हा काळ. जॉर्जियातील क्लॅनचा नामधारी प्रमुख गॉर्डनच होता, असे त्याच्या काळी सर्रास मानले जाई. ते निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही, हेही सांगितले पाहिजे. मात्र १८७१ मध्ये काँग्रेसच्या चौकशी समितीपुढे त्याने दिलेली साक्ष वाचण्याजोगी आहे. क्लॅन नावाची संघटना आपल्याला ठाऊक नाही, पण मालमत्ताधारक, शांतताप्रिय नागरिकांच्या एका गुप्त संरक्षक मंडळाशी आपला संबंध होता, असे तो सांगतो. भाषेच्या अभ्यासकाने ही साक्ष शैलीसाठीही वाचावी. ‘शांतताप्रिय’ या विशेषणाला इतके काम क्वचितच करावे लागले असेल.

१८७३ मध्ये गॉर्डन अमेरिकेच्या सिनेटमध्ये पोहोचला. ज्या राज्यसंस्थेविरुद्ध त्याने बारा वर्षांपूर्वी शस्त्र उचलले होते, तिच्या वरिष्ठ सभागृहात. १८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल वादात अडकला, तेव्हा दक्षिणी पुढारी आणि रदरफर्ड हेझ याचे साथीदार यांच्यात वाटाघाटी झाल्या. हेझ अध्यक्ष झाला तर दक्षिणेतील राज्यांना आपला कारभार आपल्या मर्जीने करू दिला जाईल, असे आश्वासन देणारे पत्र हेझच्या दोन मित्रांनी ज्या दोन दक्षिणी पुढाऱ्यांना लिहिले, त्यांतला एक गॉर्डन होता. या वाटाघाटींतील सर्वांत गाजलेली बैठक वॉशिंग्टनच्या वर्मली हॉटेलात झाली. त्या हॉटेलाचा मालक कृष्णवर्णीय होता. एप्रिल १८७७ मध्ये साउथ कॅरोलायना आणि लुईझियाना येथील राज्यभवनांचा केंद्रीय फौजांनी केलेला बंदोबस्त उठला. ‘पुनर्रचना’ म्हणून ओळखला जाणारा कालखंड तेथे संपला. निकाल केवळ या पत्राने फिरला असे नाही. पण ते पत्र कोणाच्या नावे होते, हे विसरून चालणार नाही.

पुढची पायरी अधिक उघडी आहे. गुलामगिरी रद्द करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत एक अपवाद होता : गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी घेता येईल. जॉर्जियाने १८६८ पासून कैदी खाजगी मक्तेदारांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्याचा आरंभ लष्करी राजवटीत झाला, डेमोक्रॅटांनी तो पुढे चालवून पक्का केला. १८७६ च्या कायद्याने वीस वर्षांचे मक्ते ठरले, आणि राज्याच्या तिजोरीला त्यातून एकूण पाच लाख डॉलर मिळायचे होते. मक्ता घेणाऱ्या तीन कंपन्यांपैकी एकीत सिनेटर गॉर्डन भागीदार होता. हे कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय होते. कोळशाच्या खाणींत, विटांच्या भट्ट्यांत, रेल्वेमार्गांवर ते राबत आणि मोठ्या संख्येने मरत. रिबेका लॅटिमर फेल्टन ही जॉर्जियातीलच बाई या व्यवस्थेवर आणि गॉर्डनवर वर्षानुवर्षे तुटून पडत होती. ही बाईही वर्णवर्चस्वाची कट्टर पुरस्कर्ती होती. १८९७ मध्ये तिने जमावाकडून होणाऱ्या हत्यांचे जाहीर समर्थन केले. म्हणजे गॉर्डनचा हा व्यवहार न पाहवण्यासाठी समतावादी असण्याचीही गरज नव्हती.

१८८० मध्ये गॉर्डनने मुदतीपूर्वी सिनेटचा राजीनामा दिला, रिकाम्या जागी जोसेफ ब्राऊनची नेमणूक झाली आणि गॉर्डन रेल्वेच्या उद्योगात शिरला. सौद्याचा आरोप तेव्हा वृत्तपत्रांत जाहीरपणे झाला, सिद्ध झाला नाही. गॉर्डन, ब्राऊन आणि गव्हर्नर कॉलक्विट यांना ‘बुर्बाँ त्रिकूट’ हे नाव मिळाले. १८८६ मध्ये गॉर्डन गव्हर्नर झाला, १८९० पर्यंत राहिला. १८९१ ते १८९७ पुन्हा सिनेटर. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिणी माजी सैनिकांच्या महासंघाचा तो पहिला सरसेनापती, आणि हे पद मरेपर्यंत त्याच्याकडेच होते. ‘कॉन्फेडरसीचे अखेरचे दिवस’ या विषयावरचे त्याचे व्याख्यान उत्तरेतही गर्दी खेचत असे. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर या नामांकित प्रकाशनसंस्थेने त्याच्या ‘यादवी युद्धाच्या आठवणी’ प्रसिद्ध केल्या. जानेवारी १९०४ मध्ये तो मायामीत वारला. याला पराभूताचे आयुष्य म्हणायचे असेल, तर पराभव या शब्दाचा अर्थ नव्याने लिहावा लागेल.

*

आता त्या पुस्तकाकडे वळू, कारण वाङ्मयाच्या विद्यार्थ्याचे खरे काम तेथे आहे.

आत्मचरित्राचे परीक्षण करताना आपल्याकडे ‘प्रांजळपणा’ हा शब्द मोजपट्टीसारखा वापरला जातो. लेखक स्वतःबद्दल किती खरे बोलला, शत्रूबद्दल किती उदार राहिला, यावर पुस्तकाचे मोल ठरते. या मोजपट्टीने गॉर्डनचे पुस्तक पहिल्या श्रेणीत येईल. त्यात कडवटपणा जवळजवळ नाही. उत्तरेच्या सैनिकांचे तो मनापासून कौतुक करतो. प्रसंग रंगवण्याची त्याला हातोटी आहे. अँटिएटमला पाचवी गोळी चेहऱ्यावर लागून तो बेशुद्ध पडला, तेव्हा त्याचे तोंड त्याच्याच टोपीत होते. टोपीला गोळीने पडलेल्या भोकातून रक्त वाहून गेले, नाहीतर आपल्याच रक्तात आपण बुडून मेलो असतो, असे तो सांगतो. हे वाचून विसरणारा वाचक विरळा.

त्याहून प्रसिद्ध प्रसंग गेटिसबर्गचा. १ जुलै १८६३ रोजी उत्तरेचा जनरल फ्रान्सिस बार्लो जबर जखमी होऊन रणांगणात पडला होता. गॉर्डन म्हणतो, मी घोड्यावरून उतरलो, त्याला पाणी पाजले, त्याच्या पत्नीला निरोप पाठवण्याची व्यवस्था केली आणि हा आता मरणार असे समजून पुढे गेलो. कित्येक वर्षांनी वॉशिंग्टनमधील एका मेजवानीत दोघांची गाठ पडते. गेटिसबर्गला मेलेला बार्लो तुमचा कोण, असे गॉर्डन विचारतो. तो मीच, असे उत्तर येते, आणि दोन जुने वैरी जन्माचे मित्र होतात. हा प्रसंग अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. अलीकडच्या अभ्यासकांत मात्र त्याच्या खरेपणाबद्दल वाद आहे. बार्लोने लढाईनंतर काही दिवसांतच आईला लिहिलेल्या पत्रात आपल्याला मदत करणाऱ्या शत्रूच्या माणसांचा उल्लेख केला आहे. गॉर्डनचे नाव त्यात नाही. पुस्तक आले तेव्हा बार्लोला जाऊन सात वर्षे झाली होती.

प्रसंग खरा की रचलेला, या वादात मला फारसे पडायचे नाही. तो शब्दशः खरा धरला तरी माझा प्रश्न तसाच उरतो. मेजवानीच्या त्या दालनात दोन गोऱ्या सेनानींचे डोळे पाणावतात, तेव्हा ज्यांच्या सुटकेसाठी, किंवा ज्यांना बांधून ठेवण्यासाठी, हे दोघे एकमेकांवर गोळ्या झाडत होते, ती माणसे कोठे आहेत? गॉर्डनच्या पुस्तकात कृष्णवर्णीय माणसे येतात ती मुख्यत्वे सेवक म्हणून, निष्ठेचे किंवा विनोदाचे निमित्त म्हणून. युद्धाच्या कारणांची चर्चा करताना गुलामगिरी हे निकटचे निमित्त होते, हे तो मान्य करतो, आणि लगेच सांगतो, की दोन्ही बाजूंना चार वर्षे लढवणारी खरी प्रेरणा ती नव्हती. खरा झगडा राज्यघटनेच्या अर्थाबद्दल, राज्यांच्या हक्कांबद्दल होता. १८६० मध्ये ज्याने गुलामगिरीचा स्वातंत्र्याची सोबतीण म्हणून गौरव केला, तोच १९०३ मध्ये तिला कथेच्या एका कोपऱ्यात बसवतो. आणि कथन युद्ध संपते तेथे संपते. १८६८ ची निवडणूक, १८७१ ची साक्ष, १८७७ चा करार, कैद्यांचा मक्ता हे सारे पुस्तकाच्या शेवटच्या पानानंतर घडलेले. म्हणून ते पुस्तकाबाहेर. चार वर्षांच्या आठवणी लिहून अडतीस वर्षे झाकता येतात, आणि त्यात एकही वाक्य खोटे लिहावे लागत नाही.

प्रांजळपणाची मोजपट्टी इथे निरुपयोगी ठरते, ती यामुळेच. गॉर्डन ढोंगी होता, असे मी म्हणत नाही. त्याचे औदार्य बहुधा खरेच होते. पण ते औदार्य आपल्यासारख्यांपुरते होते आणि त्याची किंमत तिसऱ्याने चुकवली. समेटाच्या प्रत्येक हृद्य प्रसंगात हा तिसरा माणूस कोण, हे शोधणे म्हणजे वाचन. आपण बहुधा त्याआधीच टाळ्या वाजवतो.

*

यावर दोन आक्षेप येतील. पहिला नेहमीचा : तो त्या काळाचा माणूस होता, त्याला आजच्या तराजूत का तोलता?

या आक्षेपाचे उत्तर द्यायला आजचा तराजू लागतच नाही. जेम्स लाँगस्ट्रीटचे आयुष्य पुरेसे आहे. हा लीचा सर्वांत ज्येष्ठ कोअर सेनापती, हुद्द्याने गॉर्डनपेक्षा कितीतरी मोठा. युद्धानंतर त्याने पराभव मान्य केला, म्हणजे पराभवाचे परिणाम मान्य केले, आणि तो रिपब्लिकन पक्षात गेला. १४ सप्टेंबर १८७४ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावर गोऱ्या सशस्त्र संघटनेने राज्य सरकार उलथवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पोलीस आणि बहुतांशी कृष्णवर्णीय मिलिशिया यांचे नेतृत्व करीत लाँगस्ट्रीट आपल्याच जुन्या सैनिकांसमोर उभा राहिला. याचे फळ त्याला मिळाले. गेटिसबर्गचा पराभव त्याच्या दिरंगाईने झाला, असे ठरवण्यात आले. जुबल अर्ली आणि त्याचे सहकारी हा आरोप दशकानुदशके करीत राहिले. गॉर्डनच्या आठवणींतही गेटिसबर्गचा दोष लाँगस्ट्रीटच्या पदरात पडतो. वरवर पाहता हा लष्करी डावपेचांचा वाद. आत मात्र मतदानाच्या हक्काचा. लाँगस्ट्रीटनेही १८९६ मध्ये आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या, पण त्या आपली बाजू मांडण्यातच खर्ची पडल्या. तो २ जानेवारी १९०४ रोजी जॉर्जियातच वारला आणि आठवड्याने गॉर्डन गेला. गॉर्डनचा अश्वारूढ पुतळा १९०७ मध्ये अटलांटाच्या राज्यभवनासमोर उभा राहिला. लाँगस्ट्रीटचा पुतळा गेटिसबर्गला बसायला १९९८ उजाडले. दोघे एकाच सैन्यातले, एकाच युद्धात हरलेले, आठवड्याच्या अंतराने मेलेले. ‘जेते’ आणि ‘पराभूत’ या दोन शब्दांनी या फरकाची उकल करून दाखवावी.

दुसरा आक्षेप अधिक वाङ्मयीन आहे : कलाकृती म्हणून पुस्तक चांगले असेल तर लेखकाचा मक्ता आणि मतदान आम्ही का पाहावे? याचे उत्तर त्याच वर्षीच्या, त्याच गावच्या दुसऱ्या एका पुस्तकात आहे. १९०३ मध्येच विल्यम डू बॉइस यांचे ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ प्रसिद्ध झाले. डू बॉइस १८९७ पासून अटलांटा विद्यापीठात शिकवत होते. १८९९ मध्ये अटलांटाजवळ न्यूनन येथे सॅम होज या शेतमजुराला जमावाने हालहाल करून जाळले. त्याच्या बोटांची हाडे शहरातील एका दुकानात मांडली आहेत, हे रस्त्याने जाताना कळले आणि आपल्या अभ्यासाची दिशा बदलली, असे डू बॉइस यांनी पुढे लिहिले आहे. त्यांच्या पुस्तकातील एक प्रकरण मुक्त झालेल्या गुलामांसाठी स्थापन झालेल्या सरकारी खात्याची कहाणी सांगते, एक जॉर्जियाच्या कापूसपट्ट्यातील कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या खोपटांतून हिंडते. गॉर्डनचे पुस्तक जेथे बंद होते, तेथे डू बॉइस यांचे उघडते. शैली, भावना, स्मृती यांपैकी कशातही ते उणे नाही. उलट दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली की पहिल्यातील सफाई कशाने आली ते कळते. पुष्कळ काही गाळल्याने ती आली आहे. रचना आणि नीती हे दोन वेगळे विषय म्हणून शिकवणाऱ्यांनी ही दोन पुस्तके एका तासाला घ्यावीत.

आणि पुस्तके केवळ कपाटात राहत नाहीत. गॉर्डनच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर १९०६ मध्ये, अटलांटात गोऱ्या जमावांनी कित्येक दिवस कृष्णवर्णीयांच्या हत्या केल्या. पुढच्या वर्षी गॉर्डनचा पुतळा बसला. त्याच्या पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, जॉर्जियाने घटनादुरुस्ती करून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे मत काढून घेतले. १९२० मध्ये जॉर्जियाच्याच मिल्ड्रेड रदरफर्ड या बाईंनी पाठ्यपुस्तके तपासण्याची एक ‘मोजपट्टी’ प्रसिद्ध केली, आणि गॉर्डन ज्या महासंघाचा सरसेनापती होता, त्याने ती मान्य केली. दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली, असे म्हणणारे पुस्तक शाळांनी आणि ग्रंथालयांनी नाकारावे, हा तिच्यातील एक निकष. १९३५ मध्ये डू बॉइस यांनी पुनर्रचनेचा इतिहास नव्याने लिहिला आणि त्याचे शेवटचे प्रकरण इतिहासाच्या नावाने चाललेल्या प्रचारावर लिहिले. अमेरिकेच्या सर्वांत प्रतिष्ठित इतिहासनियतकालिकाने त्या ग्रंथाचे परीक्षणही तेव्हा छापले नाही. पुढच्याच वर्षी अटलांटाच्या मार्गारेट मिचेलची ‘गॉन विथ द विंड’ आली आणि हरलेल्यांची कहाणी जगभर पोहोचली. जिंकलेल्या उत्तरेने ती छापली, विकत घेतली, आणि तिच्यासाठी अश्रूही ढाळले.

मग इतिहास लिहितो कोण? उत्तर रणांगणावर सापडत नाही. शाळेची पुस्तके कोण मंजूर करतो, चौकातील जागा कोणाच्या हाती आहे, प्रकाशक कोणाला भेटतो, मतदारयादी कोण करतो, यांत ते सापडते. लेखणी विजयाबरोबर जात नाही, सत्तेबरोबर जाते. आणि युद्ध हरूनही सत्ता राखता येते, हे गॉर्डनने करून दाखवले. म्हणूनच ‘इतिहास जेते लिहितात’ हे सुभाषित त्याच्या पक्षाला अतिशय मानवले असते. त्याच्या आडून त्यांना स्वतःला दडपलेले सत्य म्हणवता आले असते. तसे त्यांनी म्हणवूनही घेतले. आजही जगात कोठेही जुन्या वर्चस्वाचे वारस तक्रार करू लागतात, तेव्हा त्यांच्या तोंडी हेच वाक्य असते. आपण वर्गात ते इतक्या निरागसपणे शिकवतो, की विद्यार्थ्याला या दोन स्वरांतला फरक ऐकू येत नाही.

*

या साऱ्याशी मराठीचा एक जुना आणि थेट संबंध आहे. १८७३ मध्ये जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये जॉन ब्राऊन गॉर्डन सिनेटर झाला. पुण्यात एक माणूस ज्या मुक्तीला वंदन करीत होता, ती मुक्ती वॉशिंग्टनमध्ये मोडीत काढण्याची तयारी सुरू झाली होती. यावरून फुल्यांची अर्पणपत्रिका भाबडी होती, असे कोणी म्हणू नये. दूर बसून त्यांनी युद्धाचे कारण ओळखले होते. जनरल गॉर्डनला रणांगणावर चार वर्षे काढूनही ते पुस्तकात नीट लिहिता आले नाही. अर्पणपत्रिकेतील एका शब्दाने त्यांनी ते युद्ध कशाचे होते ते सांगितले. आंबेडकरांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहिले, ते याच ओळखीच्या पुढच्या टप्प्यावर. आपल्या परंपरेत गॉर्डन वाचण्याची साधने अशी तयार आहेत. ती बाजूला ठेवून आपण सुभाषिते वापरतो, हे दुर्दैव.

नावांची कथा अजून संपलेली नाही. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, जॉर्जियातील एका लष्करी छावणीला गॉर्डनचे नाव मिळाले. पुढे ऑगस्टाजवळच्या मोठ्या तळाला ते लागले. २०२० मध्ये राज्यभवनासमोरचा पुतळा हलवावा, अशी मागणी गॉर्डनच्याच अनेक वंशजांनी केली. २०२३ मध्ये तळाचे नाव बदलून ‘फोर्ट आयझेनहॉवर’ करण्यात आले. २०२५ मध्ये ते पुन्हा ‘फोर्ट गॉर्डन’ झाले. मात्र आता हा गॉर्डन वेगळा, १९९३ मध्ये मोगादिशूच्या लढाईत मारला गेलेला गॅरी गॉर्डन, असा खुलासा झाला. त्या सैनिकाच्या शौर्याबद्दल आदरच आहे. पण कमानीवर अक्षरे जुनीच आहेत आणि त्यांचा नवा अर्थ आत जाणाऱ्याला कोणीतरी समजावून सांगावा लागतो.

पाठ्यपुस्तकाच्या लेखकाला, प्राध्यापकाला आणि परीक्षकाला म्हणून एवढेच सांगणे आहे. आत्मचरित्रावर प्रश्न काढताना ‘लेखकाचा प्रांजळपणा सोदाहरण स्पष्ट करा’ हा प्रश्न काही वर्षे बाजूला ठेवावा. त्याऐवजी विचारावे : या आठवणींत कोणाला नाव आहे आणि कोणाला नाही? गॉर्डनच्या बाबतीत पहिल्या अर्ध्या प्रश्नाचे उत्तर पुतळ्यावर कोरलेले आहे. दुसऱ्या अर्ध्याचे उत्तर १८६० च्या तक्त्यात आहे : स्त्री, वय वर्षे चौदा.